शाबासकी
एमएमएच्या, म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्सच्या, अंतिम लढतीत पंचांनी अक्षदाच्या समोरच्या पोरीचा हात वर केला आणि दौलत वस्तादांचं डोकं फिरलं. "अक्षदे, जिंकत आली होतीस, मग हार का मानलीस?" "हार कुठे मानली? तिने काय झकास हात अडकवला, म्हणून पाठ थोपटली. समोरच्याचा डाव आवडला की शाबासकी द्यायची, तालमीत तुम्हीच शिकवलंत ना?" वस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बये, इथे थोपटलं म्हणजे शरण गेलीस!" दुसऱ्या दिवशी लालबागच्या तालमीत त्यांनी सगळ्या पोरींना दम भरला, "आजपासून शाबासकी बंद! पाठ थोपटली की हरलात!" तेवढ्यात अक्षदाने आपल्याहून दांडग्या पोरीला असा देखणा धोबीपछाड मारला, की वस्तादांचा हात आपसूक तिच्या पाठीवर पडला. "वस्ताद हरले!" पोरी ओरडल्या. "गप्प बसा गं!" वस्ताद खेकसले. हात मात्र तिथेच होता.