मुंगसाचं माहेर

दुपारी साडेतीनला, भोपाळच्या महाराणा प्रताप नगरातल्या एका सभागृहात, सातवीतल्या जुईने इंग्रजी शब्दांच्या स्पर्धेत परीक्षकांचं म्हणणं मान्य करायला नकार दिला.

अंतिम फेरीतला तिचा शेवटचा शब्द होता 'मॉन्गूस'. स्पेलिंग, अर्थ आणि मूळ भाषा, तिन्ही बरोबर आली तर दिल्लीची फेरी. एक जरी चुकलं तर घर. स्पेलिंग तिने एका दमात सांगितलं. अर्थही सांगितला: सापाला न भिणारा, लांब शेपटीचा लहान प्राणी. मग म्हणाली, "ओरिजिन, मराठी."

परीक्षकांनी हातातला कागद पुन्हा पाहिला. "इसमें हिंदी लिखा है, बेटा."

"मराठी है, सर."

"लो, अब ये भी मराठीवालों का!" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या जुईच्या आईचं, अपर्णाचं बोट नकळत ओठांवर गेलं. मायलेकींची ही जुनी खूण होती. घराजवळ अयोध्या नगरच्या बाजारात, बसमध्ये, शाळेच्या फाटकाशी आईचं बोट ओठांवर गेलं की जुईने मराठी गिळायची आणि हिंदी सुरू करायची. चारचौघांत आपण वेगळं दिसू नये, एवढंच अपर्णाचं म्हणणं असे.

परीक्षक भले गृहस्थ होते. पोरीचं नुकसान व्हावं असं त्यांना वाटत नव्हतं. "देखो, सिर्फ 'इंडियन' बोल दो," ते म्हणाले. "मैं मान लूँगा. दिल्ली पक्की." मग सभागृहाकडे पाहून त्यांनी बजावलं, "और नीचे से कोई इशारा नहीं. नहीं तो बच्ची बाहर."

दिल्लीची बॅग अपर्णाने मनात केव्हाच भरून ठेवली होती.

जुईने आईकडे पाहिलं. अपर्णाने बोट खाली घेतलं. दोन्ही हात मांडीवरच्या पर्सखाली दाबले आणि ती ताठ बसून राहिली.

जुई माइककडे वळली. "सर, हिंदी में तो इसे नेवला कहते हैं."

हसणारे थांबले.

"आमच्या मागच्या भिंतीवर रोज सकाळी येतं," ती पुढे म्हणाली, आणि हे तिने मराठीतच सांगितलं. "रामाची शपथ घातली की वळून तोंड दाखवतं. मुंगूस."

एवढ्या लोकांसमोर ती आजवर मराठीतलं एक अक्षरही बोलली नव्हती. माइकवरून तो शब्द थेट शेवटच्या रांगेपर्यंत गेला. अर्थ कुणीच विचारला नाही.

शेजारच्या बाई अपर्णाकडे झुकल्या. "आपकी बेटी है?"

"हो," अपर्णा म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला. तिने तो खाली आणला नाही. "माझीच."

परीक्षकांनी शब्दकोश मागवले. पहिल्यात 'मराठी' सापडलं, दुसऱ्यात नुसतंच 'भारतीय भाषा'. साडेचारला तिसरा आणायला माणूस धाडला. तो अजून परतलेला नाही. निकाल लागलेला नाही. जुईला बसायला खुर्ची दिली आहे. ती माइकपाशी उभीच आहे.