पन्नास केबीचा वर्ग

सुरगाण्याच्या डोंगरातल्या त्या शाळेचा पट बावीसचा. रोजच्या हजेरीच्या फोटोत वीसपेक्षा कमी मुलं दिसली, तर शाळा बंद होणार होती. आणि पाच मुलं आईबापाबरोबर द्राक्षांच्या कामाला गेली होती. योगिनीबाईंनी उरलेल्या सतरा जणांना ओळीनं बसवून हजेरीचा फोटो काढला. त्यांच्या मागच्या कट्ट्यावर दुपारच्या खिचडीसाठी आणलेले पाच लाल भोपळे तेवढे होते.

शिक्षण खात्याच्या ऑफिसला पन्नास केबीच्या आतलाच फोटो चालायचा. बाई क्वालिटी कमी कमी करत गेल्या, तसा चौथीतला सोमा मोबाइलमध्ये डोकावला.

"बाई, आमची तोंडं कुठं गेली?"

"आहेत रे तिथंच. फोटो हलका करायचा, तर शंभर ठिपक्यांचं काम दहा ठिपक्यांवर भागवावं लागतं. मग सगळे सारखेच दिसतात."

"मंग कोण कोण हाय, ते सायबाला कसं कळायचं?"

"साहेब फक्त डोकी मोजतात, बाळा," असं म्हणून बाईंनी जड मनानं फोटो पाठवला.

संध्याकाळी ऑफिसचं उत्तर आलं.



"बावीस विद्यार्थी हजर. मात्र मागील ओळीतील पाच जण गणवेशात नाहीत. खुलासा सादर करावा."