चवीनुसार मीठ

“चवीनुसार मीठ! आता हे कोणाच्या चवीनुसार?” शांतारामांनी पुस्तक ओट्यावर आपटलं. “आमच्या रेल्वेच्या नियमांत कोणी ‘अंदाजाने थांबा’ असं लिहिलं असतं, तर डहाणूला एक गाडी धड पोचली नसती.”

बाहेरच्या खोलीत यमुनाबाई जाडजूड कादंबरी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. “हरलो म्हणा नि ठेवा खाली,” त्या तिथूनच म्हणाल्या. “योगिता काही फासावर देणार नाही.”

योगिता म्हणजे मसोलीच्या वाचनालयातली ग्रंथपाल. माणसं वर्षानुवर्षं त्याच एका कपाटापुढे उभी राहतात, हे बघून ती कंटाळली होती. म्हणून तिने गंमत काढली. घरातल्या दोघांनी एकमेकांसाठी पुस्तक निवडायचं, समोरच्याने जन्मात ज्याला हात लावला नसेल असंच. जो अर्ध्यात सोडेल, त्याने वाचनालयात सगळ्यांसमोर उभं राहून ‘मी हरलो’ म्हणायचं.

शांताराम रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. ते फक्त ऐतिहासिक कादंबऱ्या वाचत, आणि वाचून संपल्या की त्याच पुन्हा वाचत. यमुनाबाईंचं वाचन पाककृतींच्या पुढे कधी गेलं नव्हतं. शांतारामांनी बायकोला तीन खंडांची लढाई दिली. पहिल्या खंडातच ती शरण येणार, अशी त्यांना खात्री होती. बायकोने त्यांच्या हातात स्वयंपाकाचं पुस्तक ठेवलं आणि वर अट घातली, की नुसतं वाचायचं नाही, करून दाखवायचं.

हा डाव शांतारामांना लगेच कळला. त्यांची मुलगी रुचिता वापीला होती. आठवा महिना, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेलं. सासू हयात नाही, जावई कंपनीत पाळीवर. बाहेरच्या डब्यातलं तिखट तिला सोसत नव्हतं. यमुनाबाईंचा जीव कधीचा तिकडे लागला होता, पण इकडे नवऱ्याला चहासुद्धा करता येत नव्हता. “जा ना, मी कुठे नको म्हणतो?” असं ते म्हणत, आणि त्याच दमात “मग दुपारी जेवायचं काय?” असंही विचारत. आता बाई त्यांना शिकवून मोकळ्या होणार होत्या.

डाव कळला म्हणून त्यांना राग आला नाही. उलट वाईटच वाटलं. रुचिता जन्मली तेव्हा ते मालगाडी घेऊन सुरतेकडे गेले होते. पुढे तिचे ताप, तिच्या परीक्षा, सगळं असंच ड्यूटीत निघून गेलं. निदान तिच्या आईला तरी आपण अडवून धरू नये, असं त्यांना मनापासून वाटलं. शिवाय चारचौघांत ‘मी हरलो’ म्हणणं त्यांच्याच्याने होणारं नव्हतं.

त्यांनी पुस्तक पहिल्या पानापासून सुरू केलं आणि तिथेच घोळ झाला. पहिलं प्रकरण सरबतांचं होतं, दुसरं चटण्यांचं. घरात नुसती सरबतं झाली, मग नुसत्या चटण्या. यमुनाबाई पावाला चटणी लावून लढाई वाचत बसल्या.

“अहो, मधलं पान उघडा की. भात-आमटीचं.”

“वा! मधूनच कोणी वाचतं का पुस्तक?”

भात-आमटीचं प्रकरण एकदाचं आलं. पहिली आमटी करपली, दुसरी नुसतंच पाणी झाली. नंतरची मात्र अशी जमली, की यमुनाबाईंनी कादंबरीतून डोकं न काढता दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. त्या दिवसापासून शांताराम रोज रुचिताला फोन लावू लागले. “आज मेथी केली. विचार तुझ्या आईला, बोटं चाटत होती!” रुचिता हसायची आणि म्हणायची, “बाबा, कशी केली ते सांगा ना.” मग ते फोडणीपासून सगळं सांगायचे. बापलेकीचं इतकं बोलणं याआधी कधी झालं नव्हतं.

शेवटचं प्रकरण गोडाचं निघालं. शांतारामांनी रव्याचे लाडू वळले, डब्यात भरले आणि डबा घेऊन ते ऐटीत बाहेरच्या खोलीत आले.

“पुस्तक संपलं. मी जिंकलो. आणि मला खुळा समजू नकोस, तुझा डाव मला पहिल्यापासून कळला होता. उद्या सकाळच्या गाडीने वापीला जा. माझं मी करून खाईन.”

यमुनाबाईंनी पान उलटलं. “बॅग भरलीय,” त्या म्हणाल्या. “लाडू तेवढे वर ठेवा, चुरा होईल नाहीतर.”

शांताराम मनातल्या मनात हसले. बाईंना घाईच झालेली दिसत होती. त्यांनी खाटेवरच्या बॅगेची चेन उघडली. आत त्यांचे शर्ट होते. त्यांचे लेंगे, दाढीचं सामान आणि रक्तदाबाच्या गोळ्या.

“अगं, हे तर सगळं माझं आहे!”

“मग काय माझ्या दाढीचं भरू? गडाला वेढा पडलाय. मी आत्ता हलायची नाही.”

शांताराम डबा घेऊन बॅगेशेजारी खाटेवर टेकले. तेव्हा कुठे यमुनाबाईंनी कादंबरी उपडी ठेवली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

“अहो, मी तर निघालेच होते. रुचिताच म्हणाली, ‘आई, तू बाळंतपणाला ये. आत्ता बाबांना पाठव. मला त्यांच्या हातचं खायचंय.’”