सातवं पाकीट

डॉक्टरांच्या टेबलावर गोळ्यांची सात पाकिटं होती. चार दिगंबर शिंप्यांच्या थरथरत्या हातांसाठी, दोन रक्तदाबाची आणि एक जुनं, चक्कर येण्यावरचं.

“कंपवात आहे, औषध आयुष्यभर,” असं आधीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आठ महिन्यांनंतरही सुईत दोरा जाईना, तेव्हा दिगंबरांनी दुकान बंद करायचं ठरवलं. सून मात्र हटून बसली.

“बाबा, आणखी एकांना दाखवू.”

“डॉक्टर म्हणजे काय भाजीवाले, दहा ठिकाणी फिरायला?”

“ब्लाउज बिघडला की बायका दुसऱ्या शिंप्याकडे जातातच ना?”

यावर ते सगळी पाकिटं पिशवीत भरून निघाले होते.

नव्या डॉक्टरांनी सातवं पाकीट उचललं. “ही कधीपासून घेताय?”

“तीन वर्षं झाली. तेव्हाच्या एका डॉक्टरांनी पंधराच दिवसांची दिली होती, पण गुण आला. मग तीच चिठ्ठी दाखवून आणत राहिलो.”

“आधीच्या डॉक्टरांना सांगितलंत?”

“त्यांनी विचारलं नाही. आणि चक्कर तर थांबली होती.”

“काका, फार दिवस घेतली तर या गोळीनेही हात कापतात. ही आजपासून बंद. कंपवाताच्या हळूहळू कमी करू.”

पाच महिन्यांनी दिगंबर आले ते टेप घेऊनच. “साहेब, जरा उभे राहा. शर्ट माझ्याकडून. नाही म्हणायचं नाही.”

डॉक्टर हसत उभे राहिले. दिगंबरांनी टेप लावली आणि मापं स्वतःच्या हाताने कागदावर लिहिली : छाती एकोणचाळीस, खांदा साडेसतरा, बाही पावणेदहा.