स्वल्पविराम गृहीत

"अगं, त्या तपासण्या असू देत ना! तुझं काय घोडं मारलंय त्यांनी?" टीमचे प्रमुख राजवाडे सर म्हणाले, तेव्हा शाल्मलीनं कीबोर्डवरचे हात उचलून कपाळाला लावले.

फाइलमधले रकाने कोणत्या चिन्हानं तोडायचे, एवढाच तो प्रश्न. फाइली वाचणाऱ्या त्यांच्या सॉफ्टवेअर लायब्ररीचा कोड चिन्ह दिलंय का हे आठ ठिकाणी तपासायचा, आणि दिलेलं नसलं की आठही ठिकाणी गुपचूप स्वल्पविराम गृहीत धरायचा. या लाडापायी कालच एका दवाखान्याच्या यादीत रक्तगटाच्या जागी पिनकोड येऊन बसले होते. शिव्या खायला मात्र शाल्मली!

तिनं आठही तपासण्या उपटून काढल्या आणि दारातच एक उभी केली: चिन्ह द्या, नाहीतर फाइल वाचणार नाही. सरांनी कुरकुरत मान हलवली आणि नवी आवृत्ती ऑफिसात चालू झाली.

दुपारचा चहा यायच्या आत सर लॅपटॉप घेऊन तणतणत आले. "मोडलंस ना? माझा रिपोर्ट वर्षानुवर्षं बिनबोभाट चालत होता!"

शाल्मलीनं पडद्यावरच्या लाल ओळीवर बोट ठेवलं. "सर, तुम्ही चिन्हच दिलेलं नाहीये."

सरांनी चष्मा कपाळावर चढवून ती ओळ वाचली. मग खुर्ची जवळ ओढून, आवाज खाली आणत म्हणाले, "बरं, असं कर. एक छोटीशी तपासणी परत टाक. फक्त माझ्यापुरती."

आधीच्या आठ कुठून आल्या, हे विचारायची शाल्मलीला आता गरज उरली नाही.