उजव्या बाजूचं सील

सासऱ्यांच्या जुन्या मोटारसायकलची, इंजिनातलं तेल अडवणारी झिजलेली ऑइल सीलं परवाच दोघांनी मिळून बदलली होती. डावं सासऱ्यांनी, उजवं जावयाने. आज इंजिनाखाली पुन्हा तेल.

“अण्णा, तुमचे हात थरथरतात आता,” जावयाने मेव्हण्यांसमोर सुनावलं. “डावंच गळत असणार.”

सासऱ्यांनी पाना पुढे केला.

डावं सील खडखडीत कोरडं निघालं. मग त्याने उजवं उघडलं. तेलाकडे असायला हवी ती स्प्रिंगची बाजू बाहेर होती. सील उलटं बसवलं होतं, त्यानेच. त्याचे कान तापले.

सासूबाई चहा घेऊन आल्या. “कुणाचं चुकलं होतं हो?”

“माझंच,” सासरे म्हणाले. “हात थरथरतात ना.”

आणि त्यांनी काठोकाठ भरलेला कप बशीसकट उचलून जावयापुढे धरला. बशीत थेंबही सांडला नव्हता.