आईला विचारायचा प्रश्न

परीक्षेच्या खोलीत शिरल्यावर डॉ. निरंजनने आधी हात चोळून गरम केले, मग जुईचं पोट तपासलं. जुई खुदकन हसली. शेजारी बसलेल्या रेवतीबाईंनी मनातल्या मनात त्याला पास करून टाकलं.

"ताई, घरी कोण कोण असतं?" त्याने विचारलं. आईशी बोलण्याचेही गुण होते.

"आम्ही दोघीच."

"काळजी करू नका. वेळेवर आणलंत. उद्या घरी न्याल हिला."

घंटा झाली. परीक्षकांनी जुईच्या मानेमागचं बटण दाबलं. तिचे डोळे मिटले, हसू अर्धवट राहिलं.

"काय हुबेहूब यंत्र केलंय!" निरंजन हायसं वाटून म्हणाला. "हसू कुणाचं घेतलंय हो?"

"माझ्या मुलीचं. ती गेली, तेव्हा तिचे सगळे व्हिडिओ मीच दिले. या परीक्षेत तिच्या आईचं कामही मीच मागून घेतलं." रेवतीबाई जुईचा फ्रॉक सारखा करत होत्या.

निरंजन बाहेर येऊन बूट घालू लागला. आत पुढची उमेदवार गेली. जुई पुन्हा तश्शीच खुदकन हसली.

"ताई, घरी कोण कोण असतं?"

बुटाची नाडी हातात धरून तो थांबला.

"आम्ही दोघीच," रेवतीबाई म्हणाल्या.